थप्पीवर बसून केलेला समेट

आमच्या डाळगिरणीत मोबाइलला नेटवर्क एकाच ठिकाणी येतं. तुरीच्या पोत्यांच्या थप्पीवर, खालून अकराव्या पोत्यावर, तोंड हुमनाबादकडं करून बसलं तर. दहाव्या पोत्यावर ते नुसतं आल्यासारखं करतं आणि बाराव्यावर डोकं पत्र्याला लागतं. गिरणी कमठाण्याच्या अलीकडं, रस्त्याला लागून. बीदर एवढं जवळ की तिथल्या दुकानदाराला शिंक आली तर आम्ही इथून विचारपूस करतो, तरी ही अवस्था. गेल्या हंगामात मी त्या अकराव्या पोत्यावर एवढा बसलो की पोत्याला माझा आकार आला. शेवटी थप्पी मोडली तेव्हा हमालानं ते पोतं पाठीवर घेऊन विचारलं, "सावकार, ह्यात तूर हाय का तुमी हाव?"

एवढं बसायला लागलं ते एका मशीनपायी.

आमचं जुनं मशीन माझ्या वडिलांच्या काळचं. त्यानं मान टाकली तेव्हा मी गुलबर्ग्याला गेलो. आता कलबुर्गी म्हणायचं, सरकारी कागदावर मी म्हणतोही, पण भांडणाचं बोलताना तोंडात गुलबर्गाच येतं. तिथं डाळगिरणीची मशिनं बनवणारे एक कारखानदार आहेत. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी वडील, म्हणून मी त्यांना अण्णा म्हणतो. अण्णा फार हळू बोलतात. त्यांच्या कारखान्यात घण पडत असताना ते जे बोलतात ते ऐकणाऱ्याला पुढच्या आठवड्यात समजतं. माझं बरोबर उलटं. मी कमठाण्यात चहा मागितला की मुडबीत माझ्या बहिणीच्या घरी आधण चढतं.

अण्णांच्या कारखान्यात करार कागदावर होत नाही, शटरवर होतो. गिऱ्हाईक पुढं उभं राहतं, अण्णा शटर अर्धं खाली ओढतात आणि खडूनं लिहितात: गाव कुठलं, मशीन किती लांबीचं, रोल बारीक की जाडा. रोल म्हणजे खरखरीत दगडी लाटणं समजा, चांगलं माणसाएवढं. ते जाळीच्या आत फिरतं आणि तुरीचं साल काढतं; बारीक-जाडा म्हणजे त्याची खरखर. गिऱ्हाईक म्हणतं "व्हय", अण्णा म्हणतात "व्हय", दोघं चहा पितात. मशीन गाडीवर चढलं की अण्णा ओल्या फडक्यानं ती ओळ पुसतात. सगळ्या जिल्ह्याच्या गिरण्या अशाच उभ्या राहिल्या आणि त्यापायी कुणी वकिलाकडं गेल्याचं ऐकलं नव्हतं. पहिला मान माझा.

मशीन आलं, बसलं, सुरू झालं. आवाज असा, की पहिल्या दिवशी रस्त्यावरची बस थांबली. ड्रायव्हरला वाटलं आपल्याच गाडीचं काहीतरी तुटलं. आवाजाचं काही नाही हो, आवाज मलाही आहे. पण डाळ! तुरीच्या दोन दाळी नीट सुट्या व्हायच्या, तर एकेकीचे चार-चार तुकडे. डाळ कमी आणि चुनी जास्त. चुनी म्हणजे जनावरांचं खाणं. त्या आठवड्यात कमठाण्यातल्या म्हशी गिरणीपुढून जाताना मान लववून जायला लागल्या.

आमच्या डाळीला नाव आहे ते एकाच गोष्टीचं, ती अख्खी असते. हैदराबादचा एक व्यापारी वडिलांपासून आमची डाळ डोळे झाकून उचलतो. त्याला नव्या मशीनचा नमुना पाठवला. त्याचा फोन आला, "सेठ, ये दाल है या रवा?" मी हसलो. तो हसला नाही. पाडव्यापर्यंत अख्खी डाळ आली तर ठीक, नाहीतर तो दुसरी गिरणी बघणार होता. वडिलांनी जोडलेलं एकच गिऱ्हाईक मी आजवर सांभाळलं होतं, बाकीची मी माझ्या तोंडानं घालवली होती.

मी अण्णांना फोन केला.

"अण्णा, रोल खराब हाय."

"रोल चांगला हाय. माल वला हाय."

"माल वाळका हाय!"

"मंग कामून तुटायलाय?"

"तेच तर मी इचारायलोय!"

हे बोलणं, जसंच्या तसं, सतरा वेळा झालं. अठराव्या वेळी मी वकिलाकडं गेलो. वकील म्हणाले, धंद्यातला दावा लावायच्या आधी समेटाची बैठक घ्यावीच लागते, मध्ये एक मध्यस्थ असतो, आणि आता ते सगळं कॉम्प्युटरवर, घरबसल्या होतं. घरबसल्या हा शब्द ज्यानं काढला त्याला माझ्या अकराव्या पोत्यावर एक दुपार बसवायला पाहिजे.

घरात कॉम्प्युटर येणारी एकटी सूनबाई. तिनं फॉर्म भरायला घेतला. त्या फॉर्मला माझं नाव पाहिजे, वडिलांचं पाहिजे, फोटो पाहिजे, आणि फोटो फार मोठाही नको, फार लहानही नको. मोबाइलवर आकडा येणार, तो दहा मिनिटांत तिकडं घालायचा. आकडा यायचा थप्पीवर, लॅपटॉप खाली. मी वरून आकडा ओरडायचो, ती खाली दाबायची. तिसऱ्या आकड्याला रस्त्यावरचा एक पानवाला आत आला आणि म्हणाला, "मालक, दुसरा आकडा पाच म्हणलाव का सात?"

मग त्यांनी करारपत्र मागितलं.

आता शटर कसं पाठवणार? सूनबाईनं अण्णांना फोन करून शटरचा फोटो मागवला. फोटो काढायला शटर पूर्ण खाली ओढायला लागतं. भरदिवसा कारखाना बंद बघून गल्लीतले लोक डोक्याला रुमाल बांधून चौकशीला आले, कोण गेलं म्हणून. अण्णा बाहेर उभे राहून एकेकाला हळू आवाजात सांगत होते की कुणी गेलं नाही, आणि ऐकू न आल्यामुळं लोक आणखीनच हळहळत होते.

फोटोत दोन ओळी निघाल्या. वरच्या ओळीत कमठाणा, रोल बारीक. खालच्या ओळीत दुसऱ्या कुठल्या गावची चण्याची गिरणी, रोल जाडा. दोन्ही ओळींवरून ओलं फडकं अर्धवट फिरलेलं. मला तिथंच वास आला. चण्याचा जाडा रोल माझ्या गळ्यात बांधला असणार आणि माझा बारीक रोल तिकडं गेला असणार! पण फडक्याच्या डागाला पुरावा कसं म्हणायचं?

मध्यस्थ म्हणून ज्या मॅडम मिळाल्या त्या बेंगळुरात बसायच्या. कन्नड बोलायच्या, पण गुळगुळीत, इस्त्री केलेली. आमची इकडची कन्नड त्यापुढं खळ्यावरून उठून आल्यासारखी. त्यांच्या पाठीमागं पडद्यावर एक निळं तळं आणि बर्फाचे डोंगर. पहिल्या बैठकीत अण्णा त्यांच्या कारखान्यातून आणि मी पोत्यावरून. मी हात जोडून "शरणु" म्हणालो, अण्णांनीही हात जोडले आणि त्यांचं चित्र तसंच थिजलं. पुढचा अर्धा तास अण्णा हात जोडून उभे आणि मागून आवाज येतोय, "ह्यांचा माल वला हाय." हात जोडलेल्या माणसाला शिव्या देणं किती अवघड असतं हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या बैठकीत मॅडमनी मला विचारलं, "तुम्हाला नेमकं काय हवंय?"

"मशीन."

"ते झालंच. पण मशीनच्या पाठीमागं काय आहे?"

"पाठीमागं भिंत हाय, मॅडम."

सूनबाई खालून खोकली. मॅडम शांत. "मला तुमची तळमळ समजते," म्हणाल्या. हे वाक्य त्या बैठकीत चार वेळा आलं. मला तळमळ समजणारं माणूस नको होतं, मला रोल समजणारं माणूस पाहिजे होतं. तूर तिकडं पोत्यात, पाडवा इकडं उंबऱ्याशी, आणि ह्या बाई विचारतायत की गेल्या पंधरा दिवसांत तुम्हा दोघांमध्ये काय काय चांगलं घडलं!

मग त्या म्हणाल्या, मशीन चालताना दाखवा. नेटवर्क थप्पीवर, मशीन चाळीस पावलांवर. शेवटी अण्णाच म्हणाले, मी येतो, डोळ्यानं बघतो, बैठकीलाही तिथूनच बसतो. तिसऱ्या बैठकीच्या सकाळी ते अवजारांची पेटी घेऊन आमच्या दारात उतरले.

मी कपाळावर आठ्या तयार ठेवल्या होत्या. पण आमच्या मालकिणीनं आधीच हुग्गीसाठी, म्हणजे गव्हाच्या खिरीसाठी, गहू सडून ठेवले होते. मी म्हणालो, "अगं, त्यांच्यावर दावा लावायलोय मी. त्यांना हुग्गी?"

"भांडण तुमचं. पाव्हणा माझा," ती म्हणाली आणि वेलदोडे कुटायला लागली. माझ्या वाढदिवसाला वेलदोडे नसतात.

अण्णांनी मशीन फिरवून बघितलं, रोलवरून हात फिरवला, पोत्यातला तुरीचा दाणा काढून दाताखाली धरला. चेहऱ्यावर काही नाही. माणूस शटरसारखा, खाली ओढला की आतलं काय कळेल! मग बैठकीची वेळ झाली आणि आम्ही दोघं थप्पीवर चढलो. अकरावं पोतं एक, माणसं दोन. मांडीला मांडी लावून, एकमेकांच्या खांद्याला धरून बसलो, नाहीतर दोघं खाली आलो असतो.

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं असं मी शपथेवर सांगतो. "किती छान," त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघं एकत्र बसलात. ही फार मोठी प्रगती आहे."

"जागा न्हाई म्हणून बसलोत, मॅडम," मी म्हणालो.

त्यांनी सांगितलं, आता मी प्रत्येकाशी एकटं बोलणार. इथं जे बोलाल ते मी दुसऱ्याला सांगणार नाही, अगदी निर्धास्त बोला. आधी मी. अण्णा खाली उतरून अंगणातल्या लिंबाखाली बाजेवर बसले. सूनबाई लॅपटॉप नीट लावून उतरताना म्हणाली, "मामा, हळू बोला बरं. तुमचं हळू म्हंजे बीदरच्या किल्ल्यावर ऐकू जातंय."

मी सुरुवात केली ती चण्याच्या रोलपासून. त्यात शटर आलं, फडकं आलं, अण्णांचे आजोबाही आले. मॅडमनी ऐकून घेतलं. मग त्या त्यांच्या त्या इस्त्रीच्या कन्नडमध्ये म्हणाल्या, "मालक, एक गोष्ट विचारू का? गच्चीवर माल वाळवायचा विषय निघाला की तुम्ही दर वेळी विषय बदलता. तीन बैठका मी बघतेय."

मी आयुष्यात गप्प बसल्याचे प्रसंग दोन. एक माझ्या लग्नात, आमच्यात भटजीच्या जागी असतात ते अय्या मंत्र म्हणत असताना, आणि दुसरा हा.

खरं ते असं होतं. तूर फोडायच्या आधी तिला तेल-पाणी लावून गच्चीवर पाच उन्हं द्यायला लागतात. संक्रांतीनंतर माल पसरला होता, तीन उन्हं झाली आणि चौथ्या दिवशी आभाळ भरून अवकाळी भुरभुर आली. ताडपत्री दोन वर्षांपासून फाटलेली. मालकीण दोन वर्षं म्हणत होती नवी आणा, आणि मी दोन वर्षं म्हणत होतो ह्या वर्षी बघू. मग धावत जाऊन मी लेकीच्या लग्नातलं मांडवाचं कापड आणलं आणि त्या मालावर घातलं. मांडवाचं कापड पाणी अडवायला थोडंच शिवलेलं असतं! ते गाळणीसारखं गळलं. दुसऱ्या दिवशी कुणी वर यायच्या आत मी तो ओलसर माल वाळक्यात मिसळला आणि पोती शिवली. ना मालकिणीला सांगितलं, ना सूनबाईला. नव्या मशीनचा गवगवा आठ गावांत केला होता, थांबायला तोंड नव्हतं.

हे सगळं मी मॅडमना सांगितलं. माझ्या परीनं हळू. पत्र्याखालची कबुतरं उडाली ती योगायोगानं.

"धन्यवाद," मॅडम म्हणाल्या. "हे माझ्याजवळच राहील."

मग अण्णांची पाळी. ते वर चढले, मी अंगणात. बाजेवर बसून मी कान टवकारले. शून्य. आत माणूस आहे की नाही याचीच शंका. मी माझा माल ओला होता हे कबूल करून बसलो होतो. आता ते जाड्या रोलचं कबूल करतायत का, हे कळल्याशिवाय मला पाणी गोड लागणार नव्हतं. मी हळूच उठलो, थप्पीच्या मागल्या अंगाला गेलो आणि बाहेरून पत्र्याला कान लावला.

फाल्गुनातलं दुपारचं ऊन आणि लोखंडी पत्रा. भाकरीला तवा कसा भेटतो, तसा माझा कान पत्र्याला भेटला. मी जी बोंब मारली तिचा अर्थ मॅडमनी नंतर विचारलाही, "तिकडं काही अपघात झाला का?"

सूनबाई समोर उभी. "मामा, काय करायलात?"

"पत्रा तपासायलोय."

"कानानं?"

मी कानाला घरातलं तूप लावून परत आलो तेव्हा अण्णांचं बोलणं संपलं होतं. मॅडमनी दोघांना पुन्हा एकत्र बोलावलं. मी भांडायची पूर्ण तयारी करून अकराव्या पोत्यावर बसलो, आणि अण्णा एकदम म्हणाले, "रोल नवा देतो. बारीक. आठ दिवसांत. मी सोता येऊन बसवतो."

संपलं! सतरा फोन, तीन बैठका, एक भाजलेला कान, आणि हे एवढंच? वाद घालायला मी मनात एवढं रचून ठेवलं होतं, ते आता कुठं टाकू?

"आणि मालक, तुमच्याकडून?" मॅडमनी विचारलं.

"मी माल नीट वाळवून घालतो," मी म्हणालो. आणि राहवलं नाही म्हणून पुढं म्हणालो, "म्हंजे आधीपण नीटच वाळवत होतो."

अण्णा हुमनाबादच्या दिशेला बघत राहिले.

कागद तयार झाला. सही करायला पुन्हा तो आकडा, मोबाइलवर येणारा. मधल्या वेळात मालकिणीनं जेवायला वाढलं होतं. अण्णांनी हुग्गीच्या तीन वाट्या खाल्ल्या, आणि तिसऱ्या वाटीनंतर त्यांचा आकडा आला. सत्तरीतला माणूस पोटात तीन वाट्या हुग्गी घेऊन अकरा पोती चढला. खालून मी आणि सूनबाईनं टेकू दिला. चढता चढता त्यांना उचकी लागली आणि आकडा दाबायची वेळ गेली. पुन्हा आकडा. पुन्हा चढण. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "सावकार, रोल फुकट घ्या, मशीन फुकट घ्या, पर मला खाली उतरवा."

जाताना गाडीत बसल्यावर त्यांनी काच खाली केली. "लेक कशी हाय?"

"बरी हाय. पुण्यात आसती."

"लगीन दोन सालामागं झालं न्हवं?"

"व्हय."

"मांडव लई मोठा घातलाव म्हणं," अण्णा म्हणाले आणि काच वर केली.

मला वाटलं, चला, बोलायला विषय नाही म्हणून माणूस लग्नाचं विचारतोय.

आठव्या दिवशी गाडी आली. अण्णा स्वतः आले नाहीत, गुडघे धरले होते म्हणे, त्यांचा मिस्त्री आला. गाडीतून चौघांनी मिळून एक निळं बोचकं उतरवलं. रोल माणसाएवढा, बोचकं बैलाएवढं. सोडायला लागलो तर घडी उलगडते आहे, उलगडते आहे, संपेना. रोल बाहेर निघाला, आणि अंगणात कोरी, जाड, शिलाईच्या कडांची ताडपत्री पसरली. अंगण झाकलं, बाज झाकली, माझी चप्पल झाकली. सूनबाईनं पावलं टाकून मोजली. वर गच्चीकडं बघितलं. पुन्हा ताडपत्रीकडं बघितलं.

"मामा, रोल गुंडाळायला एवढी मोठी कामून?"

"रस्त्यात धूळ आसती," मी म्हणालो.

मी थप्पीवर चढून अण्णांना फोन लावला. काय बोलायचं हे ठरवलं नव्हतं. आभार मानावे तर कशाचे? आभार मानले की मांडवाचं कापड कबूल केल्यासारखं होतं, आणि खाली मालकीण ताडपत्रीची घडी घालत "बघा, परक्याला कळलं, तुमाला न्हाई" म्हणत होती, तिला काय कळलंय हेही मला कळेना. मी म्हणालो, "अण्णा, ताडपत्री परत पाठवू का?"

"राहू द्या," तिकडून हळू आवाज आला. "पुढं आभाळ येतंच की."

पाच उन्हं दिली. पाचवं ऊन होताना मी स्वतः गच्चीवर खुर्ची टाकून बसलो, आभाळाकडं बघत, पोलिसासारखा. नव्या रोलवर डाळ अशी निघाली की एक-एक दाळ आरशासमोर उभी करावी. पाडव्याच्या आधी चार दिवस गाडी हैदराबादला गेली. व्यापाऱ्याचा फोन आला, "ये हुई ना बात, सेठ." मी फोन ठेवला आणि कितीतरी वेळ पोत्यावरच बसून राहिलो. खाली उतरलो तेव्हा मालकिणीनं विचारलं, डोळे कामून लाल झाले. चुनीची धूळ, म्हणालो. ती धूळ त्या दिवशी नव्हती, पण असो.

वैताग मात्र संपला नाही. मॅडमच्या त्या कचेरीकडून एक फॉर्म आला, समाधान किती झालं ते सांगा म्हणून. त्यात एक प्रश्न होता: तुमचं खासगीत झालेलं बोलणं खासगी राहिलं का? मी अकराव्या पोत्यावर तासभर त्या प्रश्नाकडं बघत होतो. मॅडमनी कुणाला सांगितलं नाही. अण्णांनीही कुणाला सांगितलं नाही. मीच सगळ्या अंगणाला ओरडून सांगितलं होतं, आणि ते लिहायला त्या फॉर्मात जागा नव्हती. मी "होय" दाबलं.

पण अण्णांनी मॅडमना एकट्यात काय सांगितलं? जाडा रोल चुकून आला होता की मुद्दाम? की रोल चांगलाच होता, माझी अब्रू झाकायला म्हणून नवा दिला? ह्या विचारानं माझी वैशाखातली झोप गेली. शेवटी मी गुलबर्ग्याला गेलो, मुद्दाम, दुसरं काही काम नसताना. शटर बघितलं. दोन्ही ओळी पुसलेल्या, त्या जागी तिसऱ्याच गावचं नाव. अण्णा आत रोलवर वाकलेले, बाजूला घण पडतोय. मी त्यांच्या जवळ जाऊन, आयुष्यात पहिल्यांदा खरोखर हळू आवाजात विचारलं, "अण्णा, त्या दिवशी मॅडमला काय सांगितलंत?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. हसले. बोलले, चांगली चार वाक्यं बोलले. घण पडतच होता.

त्याला आता तीन आठवडे झाले. अजून समजलेलं नाही.